राजवाड्याचा रंग

"सौंदर्यापुढे माणूस घटकाभर देव होतो," असं रंगाऱ्याने मध्यंतरात जाहीर केलं.

"होईल तेव्हा होईल," बायको म्हणाली, "आधी पाय आत घ्या, लोकांना जायचंय."

दुपारच्या खेळाला दोघं आली होती ती लेकीने तिकिटं हातात कोंबली म्हणून. पडद्यावर ढगांत तरंगणारा राजवाडा होता, काचेच्या पंखांचे घोडे होते, आणि शेवटी राणी धूळ होऊन उडून गेली तेव्हा अख्खं थिएटर मुसमुसत होतं. रंगारीही रडला, पण राणीसाठी नव्हे. तिच्या मागची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच निळ्या रंगाची होती. कुठे सांधा नाही, कुठे पट्टा नाही.

त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघराला चार भिंती होत्या आणि चार रंग. गिऱ्हाइकांकडे उरलेले डबे तो घरी आणून संपवायचा. एक भिंत वकिलाची, एक दवाखान्याची, एक शाळेची. शेगडीमागची कुणाची, ते आता त्यालाही आठवत नव्हतं. चारही भिंती एका रंगाच्या करा, एवढंच मागणं बायकोने वीस वर्षं लावून धरलं होतं. गेल्या वर्षापासून तिने तेही सोडलं होतं.

बाहेर पडताना त्याने पाहिलं, तर तिचेही डोळे लाल.

"राणीचं फारच मनाला लावून घेतलंस गं."

"राणी गेली खड्ड्यात. भिंत बघितलीत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाऱ्याने कामावर दांडी मारली आणि राजवाड्याचा निळा घरी कालवला. सगळ्या भिंतींचा रंग एकदमच कालवायचा, दुसऱ्यांदा तो जुळत नाही, हे त्याने आजवर प्रत्येक नवशिक्याला कान धरून शिकवलं होतं. पण डोळ्यांपुढे घोडे उडत असताना मापं कोण घेतो? तिसरी भिंत संपता संपता बादलीचा तळ दिसला. शेगडीमागच्या चौथीसाठी पुन्हा कालवलेला निळा जरा गडद आला. 'जरा' हा त्याचा शब्द.

वाळला की फिका पडेल, म्हणून तो तासभर स्टुलावर बसून राहिला. वाळला तसा रंग आणखीच गडद झाला.

बायको दारात येऊन उभी राहिली. एकेका भिंतीवरून फिरत तिची नजर शेगडीमागे येऊन थांबली.

रंगाऱ्याने घसा खाकरला. "पहाट एका बाजूला जरा उशिराच उजाडते."

चाराचे दोन झाले, हेही काही कमी नाही, असं बहुधा तिच्या मनात चाललं असावं.

"शेगडीवरचा कागद तेवढा काढा," ती म्हणाली. "दूध तापवायचं राहिलंय."