तापलेल्या फोनाचा कौल

बाबलीकाकांच्या घरापुढच्या खळ्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं धामापूर दर्शनबुवांच्या व्हिडिओसाठी जमलं होतं. व्हिडिओत बुवा समाधीत बसलेले, भोवती तेजाची वलयं. मन शुद्ध असेल त्याच्या फोनवर तो सरळ चालतो, मनात पाप असेल त्याच्या फोनवर अडकतो आणि फोन तापतो, असा बुवांचा महिमा. आज काका त्यावरच आपल्या मुलीचं, नम्रताचं लग्न ठरवणार होते. उमेदवार दोन, मी आणि ओंकार.

ओंकार गोव्यात हॉटेलात मॅनेजर आहे. नम्रता माझ्या विनोदांवर हसते, त्याच्या विनोदांवर जरा जास्त हसते. हे लक्षात आल्यापासून माझं पोट जळतंय.

समोर बसलेल्या बुवांनी ओंकारचा कोरा करकरीत फोन हातात घेऊन उलटापालटा केला, डोळे मिटले. "काचेसारखा मन आसा." व्हिडिओ लोण्यासारखा चालला. बायकांनी हात जोडले. ओंकार असा हसला की त्याच्या तोंडावर एक द्यावीशी वाटली.

मी लग्नांचे व्हिडिओ काढतो. मिळालेलं सगळं कॅमेऱ्यात घातलंय, फोन जुनाच आहे. तो उलटा करून बघताच बुवांच्या कपाळाला आठी पडली. "कठीण आसा, सुशांता." व्हिडिओ सुरू झाला आणि अडकला. आवाज पुढे, चित्र मागे, आणि फोन तव्यासारखा तापला.

"बघलास? पोटात जळता तांच फोनात इला," बुवा म्हणाले. खळं हसलं. पोटात खरंच जळत होतं, त्यामुळे क्षणभर माझाही विश्वास बसला.

तेवढ्यात ओंकारने माझा खांदा थोपटला. "जाव दे रे, नशीब एकेकाचा."

त्या थोपटण्याने माझं डोकं ठिकाणावर आलं. फाइलची माहिती उघडली, तर व्हिडिओ अगदी नव्या पद्धतीने दाबून लहान केलेला. माझा रोजचा धंदा हा, आणि मी पाप शोधत बसलो होतो.

"काकानू, व्हिडिओ दाबून लहान करतत, बघताना फोन तो उलगडता. नव्या फोनात ह्या पद्धतीसाठी वेगळी चिप आसा. माझ्या फोनात ती नाय, म्हणान सगळा काम मुख्य प्रोसेसर सॉफ्टवेअरान करता. तो दमता, चित्रा गाळता, तापता."

पिशवीतून लॅपटॉप काढून मी तोच व्हिडिओ जुन्या पद्धतीत बदलला. चहा येईपर्यंत काम झालं. आता माझ्या फोनवर बुवा झकास समाधीत बसले होते, फोनही निवत चालला होता. मग मूळचा व्हिडिओ लावून तोच फोन ओंकारच्या हातात दिला. पुन्हा अडकला. काचेसारखं मन असून.

"त्येना फाइल बाटवल्यान," बुवा ओरडले.

नम्रता पुढे आली. तिने दोन्ही फोन एकेका टॉवेलात गुंडाळून बुवांपुढे ठेवले. "उघडू नकात. शुद्ध खंयचो, सांगा."

मॉडेल दिसेना तसे बुवा घामाघूम झाले. आज तिथी बरी नाय म्हणाले आणि चपला शोधू लागले.

काकांनी डोकं खाजवलं. "मगे आता जावय कसो निवडू?"

"फोनाक इचारलात, बुवाक इचारलात. माका इचारलात?"

"बरा तर. तुका कोण होयो?"

मी छाती पुढे काढली. बुवाला उघडा पाडला होता मी.

"दोघांतलो कोणच नको," ती म्हणाली. "माझा लग्न फोनार ठरवतत, तां दोघांकय म्हायत होता. दोघांनीय मुकाट्यान फोन पुढे केल्यानी."

मी लॅपटॉप पिशवीत भरला. दुसऱ्या दिवशी जाऊन तिची माफी मागितली.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की आधी विचारा, हे आणखी कशाने घडू शकतं? आणि हे विचारायचं ते फोन पुढे करण्याआधी, सगळ्यांसमोर आपण आपटल्यावर नव्हे. माणसाचं मन बघायचं तर त्याच्याशी बोला, चिपला त्यातलं काही कळत नाही.

ओंकारनेही तिची माफी मागितली म्हणे. माझ्या आधी.