प्रभासाठी स्केरीज

चाळीस वर्षं सांगलीच्या शाळेत इतिहास शिकवलेला माणूस गप्प बसणार थोडाच! दत्तात्रय लेकाकडे, आशुतोषकडे, आयर्लंडला दोन महिन्यांसाठी म्हणून आले आणि लॉकडाउनमध्ये सव्वा वर्ष अडकले. डब्लिनच्या उत्तरेचं हे समुद्रकाठचं स्केरीज गाव त्यांनी असं काही पाठ केलं, की गावकऱ्यांनीच त्यांना विचारावं. आणि ते सगळं रोज संध्याकाळी व्हॉइस मेसेजवरून बायकोला जायचं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे प्रभाताई तिकडेच राहिल्या होत्या.

एप्रिलमध्ये एका शनिवारी आशुतोषच्या बहिणीचा, स्वप्नालीचा सांगलीहून फोन आला.

"दादा, आईला ऑक्सिजन लावलाय. सारखी बाबांना विचारतेय. सिस्टर व्हिडिओ कॉल लावून देते म्हणाल्यात."

"बाबांना अजिबात सांगायचं नाही. स्टेंट आहे त्यांना. आई बरी होऊन घरी आली, की सांगू."

शहाणा! पण त्याला एकट्याला तरी काय बोलायचं? आपल्याकडे घरोघरी हेच. आजोबा गेले तेव्हा परीक्षा आहे म्हणून त्यालाही पंधरा दिवस कुणी कळू दिलं नव्हतं, आणि तेव्हा हाच आशुतोष घर डोक्यावर घेऊन रडला होता. तरी आज जिभेवर पहिलं वाक्य तेच आलं.

"आईचा फोन बिघडलाय," त्याने बाबांना सांगितलं. "तिकडे दुकानं बंद आहेत."

"असू दे. दुरुस्त झाला की सगळं एकदम ऐकेल," बाबा म्हणाले आणि दुप्पट उत्साहाने रेकॉर्ड करत सुटले.

गुरुवारी तो ऑफिसचा कॉल सोडून त्यांच्याबरोबर बंदरापलीकडच्या टॉवरपाशी गेला. "प्रभा, हा मार्टेलो टॉवर. नेपोलियन येईल या धास्तीने इंग्रजांनी बांधला. तो मेला आलाच नाही! आणि इथे खडकावर म्हणे संत पॅट्रिकचं पाऊल उमटलंय. गावकऱ्यांनी त्याची बकरी चोरून खाल्ली आणि विचारल्यावर कानांवर हात ठेवले. मग काय, तोंडून शब्दच फुटेना, नुसतं बँ बँ! खरं बोलले तेव्हा कुठे वाचा परत आली." बाबा स्वतःच्याच गोष्टीवर पोट धरून हसले.

"काय रे, चेहरा का पडलाय?"

"काही नाही बाबा. एकदम बरा, इथल्यांच्या भाषेत ग्रँड आहे मी."

सांगावं, आत्ताच सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण त्याच सकाळी स्वप्नाली म्हणाली होती, जरा बरं आहे. त्या 'जरा'वर त्याने सगळा भार टाकला.

सोमवारी दोघं गावातल्या जुन्या पवनचक्क्यांपाशी होते. बाबा पुढे चालत फोनला सांगत होते, "एकीला चार पाती, दुसरीला पाच. का बरं? उद्या विचारून सांगतो." मागे आशुतोषचा फोन वाजला. स्वप्नाली नुसती रडत होती.

त्याने तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं, आईला अ‍ॅडमिट केल्यापासून ती गेली इथपर्यंत. बाबा एकेक प्रश्न विचारू लागले.

"किती दिवस होती?"

"नऊ."

"शुद्धीवर?"

"परवापर्यंत."

"माझ्याशी बोलायचं म्हणाली?"

नाही म्हणता आलं असतं. नऊ दिवस तो बिनदिक्कत खोटं बोललाच होता की! पण आता त्याला ते जमेना.

"रोज म्हणायची, बाबा. स्वप्नाली फोन लावणार होती. मीच नको म्हटलं. तुम्हाला काही झालं असतं तर..."

बाबांनी मान हलवली. ओरडले असते, एक ठेवून दिली असती, तर फार बरं झालं असतं. ते ओल्या गवतावर खाली बसले. आशुतोषने उठवायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी परक्या माणसाचा सोडवावा तसा तो हळूच बाजूला केला.

"मला काय काम होतं रे इथे?" ते म्हणाले. "नऊ दिवस मी रिकामाच होतो."