साडूभाऊ आणि तीन कुंडं

थोरलीला पन्नास पूर्ण झाली तेव्हा तिने घरात जाहीर करून टाकलं: दागिना नको, हॉटेलातलं जेवण नको, तिला डोंगरातल्या कुंडांवर पोहायला जायचंय. कॉलेजात असताना ती आणि तिची धाकटी बहीण तिथे दोनदा जाऊन आल्या होत्या. एकाखाली एक अशी तीन कुंडं, प्रत्येकात वरून धबधबा कोसळतो आणि पाणी इतकं नितळ की तळातले गोटे मोजून घ्यावेत. धाकटीने ऐकताक्षणी होकार दिला. राहता राहिले दोघींचे नवरे. त्यांना कुणी काही विचारलं नाही, फक्त पहाटे किती वाजता निघायचं तेवढं सांगितलं.

थोरलीचा नवरा बुक बाइंडर. पुठ्ठ्यांच्या थप्प्या, कागद कापायचं यंत्र आणि खळीचा वास यांनी भरलेल्या दोन खोल्यांत तो दिवसभर बसून काम करी आणि बसल्या बसल्या बोलत राही. गिऱ्हाईक नसेल तर हाताखालच्या बाईशी, तीही नसेल तर रेडिओशी. देह चांगला ऐसपैस, आवाज त्याहून ऐसपैस. धाकटीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. उंच, काटकुळा, आणि बोलणं एवढं मोजकं की त्याने "बरं" म्हटलं तरी पुष्कळ झालं असं वाटावं.

दोघे साडू होऊन बावीस वर्षं झाली होती आणि या बावीस वर्षांत त्यांचं बोलणं "काय म्हणतंय काम?" आणि "चाललंय" याच्या पलीकडे गेलं नव्हतं. प्रयत्न बाइंडरने भरपूर केले. प्रत्येक समारंभात दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी, थोरला जावई आधी आणि त्याच्या उजवीकडे धाकटा, असं सासूबाईंनी पहिल्याच वर्षी ठरवून दिलेलं. बाइंडर विनोद सांगे, पंगत हसून लोळे आणि हा माणूस दोन क्षण उशिराने, सगळ्यांचं बघून, किंचित हसे. ते उशिरा आलेलं हसू बाइंडरच्या वर्मी लागे. हा आपल्याला खिजवतो आहे, अशी त्याची खात्री झाली होती. थोरलीपाशी त्याने कितीदा तरी बोलून दाखवलं होतं की तुझ्या बहिणीच्या नवऱ्याला फार शिष्टपणा आहे.

वाट पायथ्यापासूनच छातीवर आली. पहिली दहा मिनिटं झाडीतून, मग नुसती खडकांची चढण, कुठे पायरीएवढी खाच, कुठे मुळांना धरून चढायचं. दोघी बहिणी पन्नाशीच्या नव्हे, विशीच्या असल्यासारख्या पुढे सटकल्या. त्यांच्या गप्पांचा आवाज वरून येत होता, पण त्या दिसत नव्हत्या. बाइंडर दर वीस पावलांवर थांबून निसर्ग बघत होता. चढायला त्याचा श्वास पुरत नव्हता ते वेगळं. लिफ्टवाला न बोलता त्याच्यासाठी थांबे आणि न बोलता पुढे चालू लागे, आणि हे थांबणंही बाइंडरला उपकार केल्यासारखं वाटत होतं.

अर्ध्या वाटेवर बाइंडरच्या उजव्या बुटाने जबडा वासला. तळ पुढून सुटून लोंबायला लागला. बूट बारा वर्षांचे, कपाटातून कालच बाहेर काढलेले. लिफ्टवाल्याने सॅकमधून काळी चिकटपट्टी काढून तीन वेढे दिले. शंभर पावलांत, ओल्या दगडावर, पट्टी सुटली. तेव्हा बाइंडर एका खडकावर बसला आणि म्हणाला की आता हे काम त्याचं. त्याच्या खिशात एक छोटी वही असे, त्याने स्वतःच शिवलेली, आणि तिच्या पाठीला मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडाळी आणि सुई कायम अडकवलेली असे. पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे फर्मे शिवून बांधणाऱ्या माणसाला बूट काय जड होता? फक्त रबराला भोकं पाडायला टोकदार काही हवं होतं.

त्याने शेजारी बसलेल्या साडूकडे बारीक स्क्रूड्रायव्हर मागितला. साडू दरीकडे बघत राहिला. त्याने पुन्हा मागितला, जरा मोठ्याने. साडू दरीकडेच. तिसऱ्यांदा मागून झाल्यावर बावीस वर्षांचं सगळं एकदम उफाळून आलं. माझं काय चुकलंय ते तरी सांगा, मी काय तुमचं घोडं मारलंय, असं तो तावातावाने बोलत सुटला आणि बोलता बोलता, एक पाय बुटात आणि एक मोज्यात, उठून त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. तेव्हा कुठे लिफ्टवाला दचकला.

"काही म्हणालात का?"

"बावीस वर्षं म्हणतोय."

लिफ्टवाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग डाव्या कानाला हात लावला. "साडूभाऊ, या कानाने मला काही ऐकू येत नाही. लहानपणी कान फुटला तेव्हापासून. तुम्ही नेमके या बाजूला असता."

मग हळूहळू सगळं कळत गेलं. उजवा कानही यथातथाच होता. समोरच्याचे ओठ बघून लिफ्टवाला बरंचसं भागवून घेई, पण शेजारी बसलेल्याचे ओठ कसे बघणार? धाकटीला माहीत होतं, पण तिला त्याने लग्नाआधीच शपथ घातली होती. कामावर कळलं तर लिफ्टच्या खड्ड्यात उतरू देणार नाहीत ही भीती. मग कुणालाच न सांगण्याची सवय लागली आणि सवयीला पुढे घराण्याला पटेल असं नाव पडलं: शांत स्वभाव.

"मग तुम्ही हसायचात ते?"

"सगळे हसले की मी हसायचो. कळायला जरा वेळ लागायचा."

बाइंडर खाली बसला, यावेळी उजव्या बाजूला, आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. तो लगेच मिळाला. लिफ्टवाल्याने तळ दाबून धरून भोकं पाडली, बाइंडरने त्यांतून मेणाचा दोरा आवळत नेला, आणि शेवटची गाठ पडेपर्यंत त्या दोघांचं बोलणं आधीच्या बावीस वर्षांपेक्षा जास्त झालं होतं. पुढच्या चढणीवर बाइंडरला नवीनच हुरूप आला. राहून गेलेलं सगळं भरून काढायचं, असं ठरवून त्याने जुने सगळे विनोद, वाट रुंद असेल तिथे उजवीकडून आणि अरुंद असेल तिथे उलटं चालत, तोंड दाखवून, पहिल्यापासून सांगायला घेतले. लिफ्टवाल्याने सहा विनोद ऐकून घेतले.

"साडूभाऊ," तो शेवटी म्हणाला, "माझं फार काही हुकलं नव्हतं."

बाइंडर इतका हसला की त्याला झाडाला धरून उभं राहावं लागलं.

खालच्या कुंडाला वळसा घालून ते मधल्या कुंडाशी पोचले तेव्हा दोघी बहिणी पोहून, केस पिळून, वरच्या कुंडाकडे निघायच्या बेतात होत्या. तिकडे जायला कातळात ठोकलेल्या लोखंडी साखळीला धरून चढायचं होतं. बाइंडरने साखळीकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि जेवणाची व्यवस्था बघायला कुणीतरी खाली थांबलं पाहिजे असं सांगितलं. लिफ्टवाला म्हणाला, तोही थांबतो. तो आपण होऊन थांबतोय हे ऐकून दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि साखळी धरली.

मधलं कुंड तिन्हींत मोठं. एका अंगाला धबधबा असा कोसळत होता की शेजारच्या माणसाने ओरडलं तरी ऐकू जाऊ नये. बाइंडरला पोहता येत नव्हतं. लहानपणी शिकायचं राहिलं आणि मोठेपणी लाज आडवी आली. तो शर्ट काढून, बूट बाजूला ठेवून, पाण्यात पाय सोडून बसला. लिफ्टवाल्याने पलीकडच्या सपाट खडकावर पाव, उकडलेली अंडी आणि फळं मांडायला घेतली. साडू बोलत नाही असा क्षण सहसा नसतो हे आता त्याला पक्कं ठाऊक झालं होतं, म्हणून काही निसटू नये अशा बेताने तो दर अर्ध्या मिनिटाला मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघत होता. आणि एकदा त्याने बघितलं तर तिथे तोंडच नव्हतं.

झालं होतं असं की वरच्या कड्यावर बायका क्षणभर दिसल्या म्हणून हात हलवायला बाइंडर उठला, एक पाऊल मागे सरकला आणि शेवाळावरून थेट पाण्यात गेला. तिथे पाणी दीड पुरुष खोल. तो वर आला, ओरडला, आणि ते ओरडणं धबधब्याने गिळून टाकलं. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा ओरडायला हवाच उरली नव्हती. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या काखेत हात घातला. लिफ्टवाला अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून आला होता. त्याने बाइंडरला उताणं केलं आणि चार हातांवर, पाण्याखाली बाकासारखा कट्टा होता, तिथे नेऊन उभं केलं. पाणी छातीपर्यंत आलं.

बाइंडर खोकला, थुंकला आणि आधी कपारीला मिठी मारून राहिला. जरा दम आल्यावर त्याने बाहेरच्या खडकाकडे बोट दाखवलं. लिफ्टवाल्याने तळहात खाली करून दाखवला: थांबा. तो अगदी त्याच्या कानाशी आला.

"आत्ता बाहेर पडलात, तर जन्मात पुन्हा पाण्यात पाय घालणार नाही तुम्ही."

बाइंडरने नकारार्थी मान हलवली. लिफ्टवाल्याने पुन्हा तळहात दाखवला. मोठ्या इमारतींत एक माणूस वरच्या मजल्यावर आणि एक खाली खड्ड्यात, मोटरच्या घरघरीत सगळं काम हातांच्या खुणांवर चालतं, आणि त्यातला तो उस्ताद होता. हात आडवा, म्हणजे पाठीवर झोपा. हनुवटीखाली बोट, म्हणजे मान मागे. छातीवर थाप, म्हणजे श्वास भरून धरा. यापुढे बाइंडरला एकही शब्द ऐकू आला नाही, पण कळली नाही अशी एकही खूण नव्हती. पाठीखाली दोन हात आले. त्याने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि पाय सोडले.

कान पाण्याखाली गेले. कोसळणाऱ्या पाण्याचा तो सगळा गदारोळ कुणी दार लोटून घ्यावं तसा बंद झाला. उरली नुसती दूरची घुमघुम. त्याने डोळे उघडले. वर आभाळाची एक पट्टी, कड्यावर दोन छोट्या बायका, दोघींची तोंडं हलताहेत, एक हसते आहे, दुसरी काहीतरी विचारते आहे, आणि आवाज नाही. काय बोलताहेत ते कळावं म्हणून तो ओठांकडे बघत राहिला. काही कळेना. बावीस वर्षं पंगतीत बसून, आपण एवढे बोलत असताना, या माणसाला हे असं दिसत होतं.

त्याने मान वळवून लिफ्टवाल्याकडे पाहिलं. लिफ्टवाला दोन्ही हात पाण्याबाहेर काढून, पंजे उघडून दाखवत होता. पाठीखाली कुणीच नव्हतं. बाइंडर तरंगत होता.

हे कळताच अर्थातच तो बुडायला लागला. पण पाय टेकले, कट्टा सापडला आणि त्याने स्वतःहून हात आडवा करून दाखवला: पुन्हा.

दोघी बहिणी अर्ध्या तासाने खाली उतरल्या तेव्हा अंड्यांना मुंग्या लागल्या होत्या आणि बाइंडर पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हता. थोरलीने काठावर बसून विचारलं की हे केव्हापासून येतं तुम्हाला.

"बारा वाजल्यापासून," तो म्हणाला.

मग ती कपडे पुन्हा भिजतील याची पर्वा न करता पाण्यात उतरली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि दोघं एका पाण्यात पहिल्यांदाच होते. धाकटीने नवऱ्याच्या ओल्या पँटकडे पाहून काय झालं ते विचारलं, तर तो म्हणाला, घसरलो. पुढचं सगळं बाइंडरनेच सांगितलं, एकदा जेवताना, एकदा उतरताना आणि एकदा बसमध्ये, आणि दर वेळी पाणी एकेक पुरुष खोल होत गेलं. कानाचं मात्र त्याने सांगितलं नाही. ते धाकटीच्या नवऱ्याने बसमध्ये स्वतःच सांगितलं, थोरलीला, सहज, खिडकी बंद करता करता. थोरलीला वाईटही वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं मी तुम्हाला शिष्ट समजत होते, याचं पाप कुणाच्या माथी, असं तिने विचारलं. तो हसला, यावेळी वेळेवर.

पुढच्याच आठवड्यात बाइंडरने गावातल्या तरणतलावावर सकाळी सातच्या वर्गात नाव घातलं. वर्गात तो, एक बँकेतली बाई आणि एक निवृत्त हेडमास्तर. छताखालचा तो तलाव असा घुमतो की शिकवणाऱ्याचं बोलणं कुणाला धड कळत नाही. लिफ्टवाला कामावर जाण्याआधी अर्धा तास तिथे येतो आणि पलीकडच्या काठावर उभा राहून हातांनी खुणा करतो. आता हेडमास्तरही त्याच्याकडेच बघून पोहतात. बाराव्या दिवशी बाइंडरने तलावाची रुंदी न थांबता पार केली. काठ हाताला लागताच त्याने मागे वळून बँकेतल्या बाईला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि भरपूर पाणी प्यायला.