घमापूरच्या आयांचा पेपर

कागदावर मी फार थोडा छापला गेलो. बाकी माझं राहणं कॉम्प्युटरात, मोबाईलात. डॉक्टर लोक मला ‘पेपर’ म्हणतात. तुम्हाला वर्तमानपत्र आठवेल, म्हणून सांगतो, मी एका डॉक्टरीणबाईंच्या संशोधनाचा पेपर आहे. आज बोलून घेतो, कारण थांबायला वेळ नाही.

माझा जन्म जबलपूरचा. घमापूरजवळच्या एका दवाखान्याच्या खोलीत अवंती मॅडम दर शुक्रवारी सिकलसेलची पोरं तपासायच्या. हा रक्ताचा आजार, आईबापाकडून येतो. त्यात कधी कधी पोराचं रक्त एकाएकी तिल्लीत, म्हणजे प्लीहेत, साचतं. ती डाव्या बरगडीखाली असते. तिल्ली फुगते, पोर पांढरंफटक पडतं, अन् उशीर झाला तर हातचं जातं.

मॅडमनी आयांना शिकवलं. रोज सकाळी पोराला उताणं निजवायचं, बरगडीखाली बोटं ठेवायची, तिल्ली कालच्यापेक्षा खाली आली का ते बघायचं. त्या आयांच्या हातांतून मी झालो.

त्यातली एक भावना. सातवी शिकलेली, नवरा फॅक्टरीत, लेक प्रणोती चार वर्षांची. मी छापून आलो तेव्हा तिनं विचारलं, “मॅडम, यात माझं नाव कुठं आहे?”

मॅडमनी शेवटची ओळ दाखवली. तिथं सगळ्या आयांचे मिळून आभार होते. वर दोनच नावं, मॅडमचं अन् त्यांच्या रत्नाकर सरांचं. सर त्या खोलीत कधी बसले नव्हते, पण विभाग त्यांचा.

मग माझे बसून राहण्याचे दिवस आले. आमच्यात असं असतं, दुसऱ्या डॉक्टरनं आपल्या पेपरात माझा उल्लेख केला की माझ्यापुढचा आकडा एकानं वाढतो. सगळ्या पेपरांचे आकडे मिळून डॉक्टरचं वजन ठरतं. कोणाकोणासोबत काम केलं, परदेशातले किती, तेही बघतात. काही पेपर मी असे पाहिले की ज्यांना कोणी वाचत नाही, पण दोस्त दोस्तांचे उल्लेख करतात अन् आकडा फुगतो. माझा आकडा तीन. त्यातला एक उल्लेख मॅडमचा स्वतःचाच. तो धरूनच तीन.

एका शुक्रवारी रत्नाकर सर खोलीत आले. भावना तिथंच प्रणोतीला बूट घालत होती.

“अवंती, काम चांगलं आहे, कोण नाही म्हणतं? पण खोल्या वाटणाऱ्या समितीला मी काय दाखवू? तीन? आणि सोबत कोण, तर मी. आकडा वाढला नाही तर ही खोली जाणार.”

भावनाचे हात बुटावरच थांबले. मागच्या साली प्रणोतीची तिल्ली फुगली तेव्हा तिच्याच बोटांना आधी कळलं होतं. तिनं धावत इथं आणलं, मॅडमनी तिच्या बोटांच्या बाजूला आपला हात ठेवून बघितलं अन् लगेच रक्त चढवलं. ही खोली गेली तर जायचं कुठं?

घरी येऊन तिनं मला मोबाईलवर उघडलं. मी सगळा इंग्रजीत. तिला फक्त आकडे वाचता आले. पानाच्या कोपऱ्यात किती जणांनी पाहिलं त्याचाही आकडा असतो. तिनं उघडलं तसा तो एकानं वाढला. तिला वाटलं, हाच तो. तिनं परत उघडलं.

“काय करून राहिली गं? दाळ लागून राहिली तिकडं,” सासू पार्वताबाई म्हणाल्या.

“आई, मॅडमचा आकडा वाढवून राहिली. नाही तर खोली बंद होते.”

पार्वताबाईंनी गॅस बंद केला अन् आपला मोबाईल पुढं केला. “मग माह्यावरून बी वाढव.”

रविवारी विहारात वंदना झाल्यावर पार्वताबाईंनी सगळ्या बायकांना बसवून घेतलं.

“लाईक कुठं दाबायचं व?”

“याला लाईक नसते, मावशी,” भावना म्हणाली. “नुसतं उघडा, बंद करा, परत उघडा.”

“यात फोटो बी नाही एक. कोण पाहीन?”

“प्रणोतीसाठी पाह्य ना. रील पाहतेच ना दिवसभर?”

शेजारची हिंदीवाली म्हणाली, “दीदी, मैंने तो मायके के ग्रुप में भी डाल दिया.”

इतक्या बायकांनी मला कधी पाहिलं नव्हतं. ओशाळलो मी. कोपऱ्यातला आकडा फुगत गेला, अन् माझा तीन तिथंच.

समितीच्या दिवशी भावना सकाळीच मोबाईल घेऊन मॅडमपुढं उभी राहिली. “पाहा मॅडम, किती झाले.”

मॅडमनी आकडा बघितला. “भावना, हा बघणाऱ्यांचा आकडा आहे गं. समिती हा धरत नाही. दुसऱ्या डॉक्टरनं त्याच्या पेपरात लिहावं लागतं.”

“मग त्यांना फोन करून सांगा ना.”

“असं सांगता येत नाही.”

“काहून? आम्ही तर एकमेकींना सांगितलं.”

मॅडमना हसू आलं, पण ते टिकलं नाही. खोली गेली. मॅडमना एका मोठ्या कामात घेतलं, जनुकांच्या, कितीतरी देशांची नावं असलेल्या. निरोप घेताना त्या हळूच म्हणाल्या, “तिथं माझा आकडा वाढेल.”

“अन् पोरांचं?” भावनानं विचारलं. मॅडमनी प्रणोतीच्या डोक्यावर हात ठेवला.

आज सकाळी प्रणोती दूध प्यायला उठली नाही. ओठ फिके पडलेत. भावनानं बरगडीखाली बोटं ठेवली, काढली, परत ठेवली. तिल्ली खाली आल्यासारखी वाटते. की भीतीनंच तसं वाटून राहिलं? बाजूला हात ठेवून ‘हो’ म्हणणारं कोणी नाही. तिनं मला उघडलं. अशा वेळी काय करायचं ते सगळं माझ्यात लिहिलंय, पण ते तिला वाचता येत नाही. अन् तुमच्याशी बोलतोय तसं मला तिच्याशी बोलता येत नाही.

आता ती पोरीला खांद्यावर टाकून ऑटोत बसलीय. मी तिच्या मुठीत आहे. मोठ्या दवाखान्यात आज कोण ड्यूटीवर आहे, तिला ठाऊक नाही.

डॉक्टरसाहेब, तुम्ही जे कोणी असाल. एक बाई दारातूनच ‘तिल्ली बघा’ म्हणत येईल. तिला बाकावर बसवू नका. माझा उल्लेख कुठं करू नका, माझं नावही विसरा. आधी पोरीच्या पोटावर हात ठेवा.