स्थळं पुसताना

श्यामलाताई दामल्यांनी वधूवर केंद्र बंद करायचं ठरवलं, तेव्हा कर्वेनगरात कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. हल्ली मुलंमुली फोनवरच एकमेकांना शोधतात, आणि ताईंचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. दारावरची पाटी त्यांनी स्वतः उतरवली, पुढच्या खोलीतल्या खुर्च्या वाचनालयाला देऊन टाकल्या. राहिला तो लॅपटॉप. जुना, जाडजूड, पण कामाला वाघ. नाशिकला बहिणीकडे राहायला जायच्या आत तोही मार्गी लावावा, म्हणून त्यांनी त्यातली सगळी स्थळं डिलीट केली, रिसायकल बिन रिकामी केली आणि ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकलं: 'लॅपटॉप विकणे आहे. चालू स्थितीत. घासाघीस करणाऱ्यांनी येण्याची तसदी घेऊ नये.'

पहिला आला तो प्रज्ञेश नावाचा एक तरुण. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. लॅपटॉप समोरच्या टेबलावर होता, पण त्याने त्याकडे धड पाहिलंही नाही.

"मॅडम, तुमचं केंद्र खूप जुनं ना? इकडच्या सगळ्या चांगल्या फॅमिलीज तुमच्याकडेच यायच्या म्हणे."

"यायच्या. सुरू करून दाखवू?"

"नको, नको. यातली हार्ड डिस्क पहिल्यापासूनची आहे ना? बदललेली नाही?"

"नाही."

"मग झालं," असं म्हणून त्याने जो भाव सांगितला, त्यात दुकानातून नवा कोरा लॅपटॉप आला असता. ताई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिल्या. शिळ्या भाजीला कुणी ताजीचा भाव देऊ लागलं, तर मंडईतला भाजीवालाही आधी नोट उजेडात धरून बघेल.

"एवढे पैसे कशाचे?"

"आम्ही लग्नाचं नवीन ॲप काढतोय, मॅडम. त्यासाठी स्थळं हवीत. खरी, पारखलेली. तुम्हाला तरी आता त्यांचा काय उपयोग?"

"स्थळं मी कधीच डिलीट केली."

त्यावर तो हसला. त्यात लबाडीसुद्धा नव्हती. "त्याने काही बिघडत नाही. आमची टीम परत काढते. फक्त आता त्यावर नवीन काही टाकू नका, म्हणजे झालं."

चेहरा तसाच ठेवून ताई उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं.

"पाहुण्यांना खालपर्यंत सोडायला यायची आमच्याकडे पद्धत आहे. पण आज गुडघे दुखतायत."

तो गेला आणि ताईंनी आतून कडी लावली. सगळ्यात आधी त्यांना उत्कर्षा आठवली.

उत्कर्षा पहिल्यांदा आली, तेव्हा आईला बाहेर बसवून ती एकटीच बोलली होती. बीडला तिचं एक लग्न झालं होतं आणि त्या घरातून ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आली होती. कोर्टाचे कागद, दवाखान्याचे कागद, सगळं तिने ताईंच्या हवाली केलं. "ज्याच्याशी लग्न करीन त्याला सगळं सांगेन, काकू. बाकीच्यांना कशाला?" ताईंनी तिच्यासाठी समजूतदार मुलगा शोधला. त्याला सगळं ठाऊक होतं, सासरच्या बाकी कुणाला नाही. तिचा संसार मार्गी लागला होता. आणि तिच्यासारखे किती! कुणाच्या फिट्स, कुणाच्या भावाचं पिणं, कुणाचा मोडलेला साखरपुडा. माणसं दबक्या आवाजात सांगायची, आणि ताई पुढे सोय व्हावी म्हणून ते सगळं लॅपटॉपवर चढवायच्या आणि कागद परत द्यायच्या.

वरच्या मजल्यावर शेफाली राहायची. खराडीच्या एका कंपनीत होती, आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करायची. संध्याकाळी तिचं काम आटोपल्यावर ताई लॅपटॉप कडेवर घेतल्यासारखा घेऊन जिना चढल्या.

"तो म्हणाला ते खरंय का गं?"

"खरंय, काकू. डिलीट केलं की कुठे काय ठेवलंय एवढीच नोंद जाते. मजकूर असतो तिथेच असतो. थांबा, दाखवते."

तिने एक प्रोग्रॅम लावला. थोडा वेळ नुसतीच चक्री फिरत राहिली. मग चौकोनी चित्रं एकामागून एक उगवायला लागली. पैठणी नेसून अवघडून बसलेल्या मुली, स्टुडिओच्या कोटातले मुलगे, पत्रिका. फाइलींची नावं जाऊन तिथे आकडे आले होते, चेहरे मात्र जसेच्या तसे. मग एक कागद आला, वर कोर्टाचा शिक्का. ताईंनी झटकन हात पुढे करून स्क्रीन झाकला.

"वाचू नकोस."

"नाही वाचलं, काकू," शेफाली हळूच म्हणाली आणि तिने खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाली, "यावर उपाय आहे. पूर्ण डिस्कवर, कानाकोपऱ्यासकट, नुसती शून्यं लिहून काढायची. हिच्यासारख्या जुन्या डिस्कला ते पुरतं. मग कुणाची टीम आली तरी हाती काही लागणार नाही. पण तुम्हालाही परत काही मिळणार नाही. काही ठेवायचंय?"

उभा जन्म ज्यात गेला ते सगळं त्या पेटीत होतं.

"बारशांचे फोटो," ताई म्हणाल्या. "लोकांनी आनंदाने पाठवलेले. तेवढेच माझे. बाकीचं मला सांभाळायला दिलं होतं."

"आणि याच्या कॉपी कुठे आहेत? ई-मेल? पेन ड्राइव्ह?"

ताईंनी कपाळावर हात मारला. ई-मेल तर बायोडेटांनी भरून वाहत होता, आणि शिवणाच्या डब्यात एक पेन ड्राइव्ह होता. बारशांचे फोटो तेवढे शेफालीने ताईंच्या फोनवर घेतले. मग दोघींनी मिळून ई-मेल साफ केला, त्याची कचरापेटीही ओतली. पेन ड्राइव्हची पाळी लॅपटॉपनंतर लावायची ठरली.

रविवारी सकाळी शेफाली खाली आली. लॅपटॉप तिने वेगळ्याच पेन ड्राइव्हवरून सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

"शेवटचं बटण तुम्ही दाबा, काकू."

ताईंनी पदराला हात पुसला आणि बटण दाबलं. आवाज नाही, काही नाही. नुसती एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. शेफाली म्हणाली, संध्याकाळ होईल. ताईंनी कुकर लावला, वरण फोडणीला टाकलं, जेवल्या, आणि पुन्हा पट्टीसमोर येऊन बसल्या. आत्ता कोण पुसलं जात असेल, हे कळायला मार्ग नव्हता. तरी त्या एकेकाला मनातल्या मनात निरोप देत राहिल्या.

दुपारी फोन वाजला. जुन्या ओळखीच्या आनंदी सहस्रबुद्धे बोलत होत्या.

"अहो श्यामलाताई, आमच्या शालूने नाही म्हटलं होतं तो इंजिनिअर, त्याचं अजून जमलं नाहीये म्हणे. नंबर द्या ना त्याचा."

"नाही हो माझ्याकडे."

"असं कसं? तुमच्याकडे सगळ्यांचं सगळं असतं!"

"असायचं," ताई म्हणाल्या. "शालूला विचारलंत का?"

"तिला नंतर सांगणार होते."

"आधी तिला विचारा. तिच्या मनात असेल तर ती शोधेल त्याला. हुशार आहे मुलगी."

फोन ठेवल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि थोडं रितंही. लोकांनी विचारावं आणि आपल्यापाशी उत्तर असावं, या सवयीवरच तर इतकी वर्षं निघाली होती.

दिवेलागणीला काम संपलं. शेफालीने विंडोज नव्याने टाकण्याआधी तो शोधणारा प्रोग्रॅम पुन्हा लावून पाहिला. चक्री फिरफिर फिरली आणि थांबली. एकही चित्र उगवलं नाही. मग शिवणाच्या डब्यातला पेन ड्राइव्हही तिने तसाच पुसून काढला.

प्रज्ञेशचा फोन आला, तेव्हा ताई म्हणाल्या, "आहे की लॅपटॉप. जुन्या लॅपटॉपच्या भावाने खुशाल न्या. पुसलाय."

"म्हणजे डिलीट केलंय ना?"

"पुसलाय. आत शून्यं आहेत, तुमच्या टीमला मोजत बसू द्या." त्याने फोन ठेवला. शेवटी लॅपटॉप नेला तो खडकवासल्याजवळ खानावळ चालवणाऱ्या दुर्गाबाईंनी. त्यांनी घासाघीस केली, आणि ताईंनी ती करू दिली.

नाशिकला निघायच्या आधी त्यांनी उत्कर्षाला घरी बोलावलं. रिकाम्या खोलीत दोघी सतरंजीवर बसल्या. ताईंनी प्रज्ञेशपासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "तुझे कागद लॅपटॉपमध्ये राहिले होते. आता ते माझ्याकडे कुठेच नाहीत."

उत्कर्षा सतरंजीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"मला कधीकधी वाटायचं, विचारावं तुम्हाला," ती म्हणाली. "रात्री अचानक आठवायचं. मग वाटायचं, तुम्हाला वाईट वाटेल."

"विचारायचंस गं."

"हो." डोळे पुसून तिने विचारलं, "काकू, चहाचं सामान बांधून टाकलंत का?"

"भांडं बाहेर आहे. आलं मात्र नाही."

"चालेल," म्हणत ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.