पहिली सात मिनिटं

माझ्याकडे वाचन शिकायला येणाऱ्या मुलांना मी अक्षरांच्याही आधी चार गोष्टी शिकवतो. झाकण काढायचं. लाल बटण एकदाच दाबायचं. काम झालं की कॅसेट मागे नेऊन सुरुवातीला आणायची. आणि वस्तू जिथून घेतली तिथेच ठेवायची.

हे नियम आमच्या व्हिडिओ कॅमेऱ्याचे. तळहाताएवढा आहे तो, बाजूला पट्टा आहे, पट्ट्यात हात सरकवला की लहान मुलालाही पेलतो. मुलाने नोकरी लागल्यावर आणून दिला आणि स्वतः कामासाठी परगावी गेला. मी शाळेतून निवृत्त झालो होतो. रोज सकाळी पुढच्या खोलीत पाच-सहा मुलं जमतात. ती धडा वाचतात, मी त्यांचं रेकॉर्डिंग करतो, मग कॅमेरा टीव्हीला जोडून त्यांचं त्यांनाच दाखवतो. दुसऱ्याने काढलेली चूक मुलांना झोंबते. स्वतःला सापडलेली चूक मात्र ती हसत हसत दुरुस्त करतात. त्यासाठी एकच कॅसेट आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवातीपासून तिच्यावरच नवं रेकॉर्डिंग होतं, म्हणून तर मागे नेऊन ठेवायचा नियम.

दुसरी कॅसेट माझी. तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘हिचा आवाज’.

तीन वर्षांपूर्वी हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, घशात गाठ निघाली. गाठ काढताना आवाज राहीलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी हिला खुर्चीत बसवलं आणि तासभर बोलायला लावलं. गाठ गेली, आवाजही गेला. राहिला तो त्या कॅसेटमध्ये. सकाळचा वर्ग संपला की मी मुलांची कॅसेट काढून माझी कॅमेऱ्यात घालून ठेवतो. आत असली की धूळ लागत नाही. रविवारी दुपारी ती लावून बसतो. तेव्हा ही स्वयंपाकघरात असते. स्वतःचा जुना आवाज ऐकायला ती कधी बाहेर येत नाही. बोलायचं असेल ते पाटीवर लिहिते.

त्या कॅसेटची सुरुवात मला पाठ आहे. आधी काळा पडदा, आणि त्या काळोखातून हिचा आवाज: “अहो, झाकण काढा आधी. चाळीस वर्षं पोरांना शिकवलंत, आणि हे एवढंही.” मग माझा हात दिसतो, मग ही, हसणारी.

एका रविवारी काळा पडदा आला आणि हिचं वाक्य आलंच नाही. दहा-बारा सेकंद नुसती खरखर. मग एकदम ही, अर्ध्या वाक्यात.

मी कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली. पुन्हा खरखर. कॅसेट जुनी झाली, म्हणून मनाची समजूत घातली. पुढच्या रविवारी ती खरखर पाऊण मिनिटाची होती. त्याच्या पुढच्या रविवारी पावणेदोन मिनिटांची. माझी नात टिकली माझ्याशेजारी बसली होती. नऊ वर्षांची आहे, कान तिखट.

“आजोबा, कुणीतरी ‘आ’ म्हणतंय.”

“कॅमेऱ्याची मोटर आहे ती.”

“मोटर मध्येच खोकते का?”

“जुनी झाली की खोकते,” मी म्हणालो. टिकलीने टीव्हीला कान लावला. पटलेलं नव्हतं.

सोमवारी मी फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे ‘भिंग’ म्हणतात, कारण ते त्याच्या एका डोळ्याला कायम चिकटलेलं असतं. त्याने कॅसेट लावून ऐकली.

“मास्तर, कॅसेट ठणठणीत आहे. कुणीतरी झाकण न काढता हिच्यावर रेकॉर्ड केलंय.”

“कुणी?”

“ते कॅसेटला काय विचारता? घरात विचारा. तारीख काय म्हणते?”

कॅमेऱ्यातल्या घड्याळाचा सेल केव्हाच संपलाय. तो रोज एक जानेवारीच दाखवतो.

भिंगाने कॅसेटच्या कडेची नखाएवढी पट्टी मला दाखवली. ती सरकवली की कॅसेटवर नवीन काही चढत नाही. “ही आत्ताच सरकवा. आणि दोन दिवस कॅसेट माझ्याकडे ठेवा, दुसरी प्रत काढून देतो.”

दोन दिवस. त्याच्या दुकानात शंभर माणसं येतात. कुणाची कॅसेट कुणाच्या पिशवीत जाईल, काय भरवसा. “बघतो,” म्हणून मी उठलो. पट्टी मात्र सरकवून घेतली.

घरी येईपर्यंत डोकं चालू झालं होतं. पट्टी बंद ठेवली तर पुसणाऱ्याला कळणार, की मला कळलंय. मग तो सावध होणार, आणि कोण ते मला जन्मात समजणार नाही. कुलूप दिसलं की चोर दुसरं घर बघतो. मी पट्टी उघडली, कॅसेट कॅमेऱ्यात घातली आणि कॅमेरा कपाटात ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही. वर्गातली पेन्सिल चोरीला गेली तरी मी आधी आरडाओरडा करत नसे. गप्प बसून बघत राहिलं की चोर आपणच हलतो.

मग मी कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकली. खरखरीच्या मागे एकदा लांबवर शाळेची मधल्या सुट्टीची घंटा वाजली होती. म्हणजे भर दुपार. दुपारी मी वाचनालयात असतो आणि टिकली शाळेत. घरात ही. आणि अर्ध्या तासासाठी जेवायला येणारी सूनबाई. चष्म्याच्या दुकानात ती काचा बसवते, दुकान दोन गल्ल्यांवर आहे.

सूनबाई महिन्याभरापूर्वी मला म्हणाली होती, “बाबा, किती वेळा लावता ती कॅसेट? आई आत भांडी घासत असतात, त्यांना काय वाटत असेल?” तेव्हा मी ते सोडून दिलं होतं. आता तेच वाक्य मला टोचू लागलं. सूनबाई थोडं थोडं पुसतेय, म्हणजे एकदम लक्षात येणार नाही. तिच्या कामात तरी दुसरं काय असतं, काच हळूहळू घासत न्यायची.

मी कपाटाच्या कडीला खडूची पूड लावून ठेवली. संध्याकाळी सगळ्यांचे हात निरखले. हिच्या बोटांना पूड होती, टिकलीच्या फ्रॉकला होती, सूनबाईच्या बाहीला होती, माझ्या नाकालाही होती. ज्या घरात रोज सहा पोरं खडू सांडतात तिथे खडूचा सापळा लावणाऱ्याला काय म्हणावं.

शेवटी चहाच्या वेळी मी विचारलंच. नेमकं काय झालंय ते मात्र बोललो नाही. पुरावा हातात येण्याआधी सगळं सांगायचं नसतं.

“दुपारी माझ्या कॅमेऱ्याला कोण हात लावतं?”

सूनबाईने कप खाली ठेवला. “मी नाही लावत.” आणि तिने पटकन हिच्याकडे पाहिलं.

ते पाहणं मी टिपलं. ही पाटी घेऊन लिहू लागली: ‘कुणी नाही’. घाईघाईत लिहिलं होतं, काना द्यायचाही राहिला होता.

“कुणी नाही, तर कॅमेरा आपणहून जागा बदलतो?”

“हजेरी घ्या, बाबा,” सूनबाई म्हणाली. “एकेकाला बाकावर उभं करा. मी आधी उभी राहते, मला कामावर सवय आहे.”

“उडवून लावू नकोस.”

“उडवून नाही लावत. तुम्ही तीन दिवस माझे हात बघताय. मला वाटलं, बांगड्या बघताय की काय.” टिकली हसली. सूनबाई हसली नाही. कप उचलून आत गेली, आणि ही तिच्या मागोमाग गेली. दोघींचं काहीतरी ठरलंय, एवढं माझ्या ध्यानात आलं. ही सुनेला पाठीशी घालतेय, असा मी त्याचा अर्थ लावला. आईची माया आंधळी असते, आणि सासूची त्याहून, असंही मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे वाचनालयाला निघालो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मागच्या दाराने परत आलो. चपला हातात घेतल्या होत्या. आपल्याच घरात असं शिरताना छाती धडधडते, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून कॅमेरा दिसला. स्टुलावर होता, झाकण तसंच, लाल दिवा लागलेला. आणि समोर सूनबाई नव्हती. समोर ही होती.

हिच्या मांडीवर मुलांचं पहिलीचं पुस्तक होतं. बोट अक्षराखाली धरून ती वाचत होती. आवाज खरखरीत, सुकी पानं पायाखाली यावीत तसा, पण शब्द होते. “घर… बघ. कमळ… बघ.” थांबायची, घोटभर पाणी प्यायची, पुन्हा वाचायची.

मला सगळं एकदम आठवलं. ऑपरेशननंतर एक बाई हिला आवाजाचे व्यायाम शिकवायला यायच्या. त्या गेल्या की उजळणी मी घ्यायचो. ही ‘आ’ म्हणाली की मी म्हणायचो, “तोंड मोठं. पुन्हा. अजून मोठं.” शाळेतल्या पोरांशी वागताना जो धीर होता तो हिच्या बाबतीत कुठे गेला होता, कोण जाणे. दोन महिन्यांनी हिने पाटीवर लिहिलं, ‘तुमच्या वर्गात मला बसायचं नाही.’ त्यानंतर ती पाटीवरच बोलत आली.

इकडे लाल दिवा चालू होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कॅमेऱ्यात मुलांची रोज पुसायची कॅसेट आहे, अशी हिची समजूत. चार नियम तिने दारात उभं राहून माझ्याकडूनच ऐकलेले. झाकण तेवढं तसंच, कारण तिला फक्त आवाज हवा होता. रेकॉर्ड करायचं, मागे नेऊन आपलं वाचन तेवढं ऐकायचं, पुन्हा मागे नेऊन सुरुवातीला आणायचं, जागेवर ठेवायचं. रोज थोडं जास्त वाचता येत होतं, म्हणून रोज थोडं जास्त पुसलं जात होतं. आणि पट्टी मीच उघडी ठेवली होती.

रोजच्या वाढीच्या हिशेबाने कालपर्यंत चार मिनिटं गेली असणार. आता कॅमेऱ्यावरचा आकडा पाचव्या मिनिटावर होता. दार ढकलून “थांब” म्हटलं असतं तर पुढचा सगळा जुना आवाज वाचला असता. हिचा गोड, ठसठशीत आवाज, जो मी दर रविवारी पोटाशी धरून बसतो. हिच्या एकेका शब्दाखाली त्याचा एकेक शब्द जात होता.

तिने ‘पाऊस’ वाचताना मधलं अक्षर गिळलं. माझी जीभ आपोआप टाळूला लागली. मी तोंड मिटलं. तिचं तिलाच कळलं. मागे गेली, पुन्हा वाचला, नीट.

मी तिला धडा पुरा करू दिला. सात मिनिटं झाली. मग चपला हातात धरून तसाच बाहेर पडलो आणि फाटकापाशी उभा राहिलो. जेवायला येणारी सूनबाई तिथेच भेटली. माझ्या हातातल्या चपलांकडे बघून तिला काय ते समजलं.

“तुला माहीत होतं,” मी म्हणालो.

“महिनाभर. कुणाला सांगणार नाही असं आईंना कबूल केलं होतं. तुम्हाला तर मुळीच नाही.”

“माझं चुकलं, बाई. मला वाटलं, तू हिचा आवाज पुसतेस.”

“हिचा आवाज?” तिला काही कळेना. मी कॅसेटचं सांगितलं तशी ती फाटकाला टेकली. “अगंबाई. काल चहाच्या वेळी हे बोलला असतात तर?”

मी चपला खाली ठेवून पायात घातल्या. संध्याकाळी मी पट्टी सरकवली आणि कॅमेऱ्यात कोरी कॅसेट घातली. हिला सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

रविवारी दुपारी जुनी कॅसेट लावली. आवाज नेहमीपेक्षा मोठा ठेवला. काळा पडदा आला. “घर… बघ.” टिकली माझ्याकडे बघू लागली. “मोटर नाहीये,” ती हळूच म्हणाली.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ही ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मग धडा संपला आणि पडद्यावर एकदम ती दिसली, तीन वर्षांपूर्वीची, कुठल्याशा वाक्याच्या मध्यावर. हिने पडद्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पाटी टीपॉयवर होती. तिने ती घेतली नाही.

“किती पुसलं?” तिने विचारलं. मोठ्याने, तोंडाने.

“सात मिनिटं. पुसू दिलं मीच. आधी कोण ते पकडायला, आणि शेवटची तीन…” मी टीव्हीचा आवाज कमी केला.

“काय होतं त्यात?”

“पहिल्यांदा तर तू मला ओरडत होतीस.”

तिने हात पुसले. जुन्या टेपवरच्याच खुर्चीत येऊन बसली. दम घ्यायला थोडी थांबली.

“मग परत ओरडते. लावा.”

मी उठलो. कॅमेरा टीव्हीपासून सोडवला, जुनी कॅसेट काढली, पट्टी दोनदा तपासली, कोरी घातली. पट्ट्यात हात सरकवला, लाल बटण एकदाच दाबलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. सगळा काळोख.

“अहो,” समोरून तो खरखरीत आवाज आला. “झाकण.”