माजघरातली खिंड

आमच्या माजघरात खिंड आली आहे. स्वयंपाकघरातून सकाळी निघालं की उन्हं कलताना तिथे पोचता येतं, आणि ताईची खोली तिच्या पलीकडे आहे. बाहेरून घर होतं तेवढंच आहे. शेजारच्या वाघचौरेबाईंना मी हे कुंपणापाशी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "यंदा भिंतींना रंग तरी काढून घ्या."

ताईचे गुडघे गेले तेव्हापासून मी चालते. लहानपणी डोंगर तिचा होता, मी मागून रडत जायची. आता ती खाटेवर आणि मी डोंगरात, हे मला अजून पटलेलं नाही. "तू जाऊन ये, शरे, आणि मला आणून दाखव," ती म्हणाली होती. म्हणून परत आले की चाललेली वाट मी मांजरपाटावर काढते. दुकानातले रंग तिला चालत नाहीत. "हा डोंगर डबीतला आहे," म्हणते. त्यामुळे वाटेवरची तांबडी माती, पाल्याचा रस, वणव्यातला कोळसा, एवढंच घ्यायचं. चित्र झालं की माजघराच्या भिंतीवरच्या आधीच्या चित्राला टाके घालून जोडायचं. संध्याकाळी ताई काठी टेकत त्याच्या कडेकडेने चालायची, नावं ठेवायची, आणि मग मी तिच्या गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळायची. सगळ्या दिवसात मला आवडणारी वेळ तेवढीच होती.

घर लांबतंय हे चहामुळे कळलं. ताईपर्यंत नेईतो तो कोमट व्हायला लागला, मग गार. मी थर्मास आणला. पुढे मध्येच फरशी संपून मुरूम लागला, तेव्हा बूट घालून जावं लागलं. संध्याकाळचं तेल राहू लागलं. बोलायचं तर तोंडाशी हात धरून ओरडावं लागे.

"आलीस का गं?" दार वाजलं की ती पलीकडून विचारायची.

"आले."

"खिंडीत डहाळी वाहिलीस?" एकदा तिने पुढे विचारलं.

आमच्याकडे खिंड ओलांडणाऱ्याने खालून एक डहाळी मोडून न्यायची आणि वरच्या राशीवर ठेवायची, अशी रीत आहे. दमणूक तिथेच राहते म्हणतात. पण करंजाची डहाळी टोकाला चावून घेतली की तिच्यासारखा ब्रश नाही.

"तिचाच तर ब्रश करते," मी ओरडले.

मग ती म्हणाली, "दर वेळी?"

"दर वेळी."

"मग खिंड आली असेल तुझ्या मागोमाग." ती रागावली नव्हती. "तरीच इकडे गार वारा सुटलाय."

दुसऱ्या दिवशी मी ब्रश परत ठेवायला डोंगरावर गेले, तर तिथे खिंड नव्हती. वाट सरळ पलीकडच्या गावात उतरत होती, आणि राशीच्या जागी गुरं चरत होती. झिजलेले ब्रश मी नेहमी चुलीत घालते, त्यामुळे माझ्याकडे तो एकच उरला होता. एक तर एक, म्हटलं. शेवटचं चित्र गुंडाळून घेतलं, थर्मासमध्ये चहा भरला, तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि स्वयंपाकघरातून निघाले. ताईच्या गुडघ्यांना किती दिवसांत हात लागला नव्हता. तिची फार आठवण येत होती. एकाच घरात राहून आठवण येते, हे कोणाला सांगायची सोय नाही.

चढ लागला तसं धुकं आलं. भिंतीवरची माझी चित्रं दिसेनाशी झाली. समोरून कोणीतरी येत होतं. पावलं हलकी होती, भराभर पडत होती. अरुंद वाटेवर उतरणाऱ्याला वाट द्यायची हे मला ताईनेच शिकवलंय. मी मान खाली घालून कडेला सरले. माणूस गेलं. निलगिरीचा वास आला, तेव्हा मी पिशवीतल्या बाटलीचं बूच घट्ट केलं.

वर रास होती. चाचपडताना हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं, पण मी घाईत होते. ब्रश वाहिला. पाय खरंच हलके झाले.

ताईच्या खोलीत दिवा चालू होता. खाट रिकामी होती. चादर अजून ऊबदार होती, आणि उशाशी काठी नव्हती.

"आलीस का गं?" ताईने विचारलं. आवाज फार लांबून आला, आमच्या स्वयंपाकघरातून. "चहा टाकलाय."

मी पळत खिंडीपर्यंत आले. आता धुकं थोडं विरळ झालं होतं. राशीवर, माझ्या ब्रशशेजारी, ताईची काठी वाहिलेली होती. तिच्या रबरी टोकाला मुरूम लागला होता. वाहिलेलं उचलायचं नसतं. खाली, ताईच्या खोलीपर्यंत, एकही झाड नव्हतं, मग परत ओलांडायला डहाळी कुठली. माझ्या हातात फक्त तिच्यासाठीचा थर्मास आणि तिला दाखवायचं चित्र होतं.

"ताई, मी इकडे आहे," मी ओरडले.

"इकडे कुठे?"

"तुझ्याकडे."

"हलू नकोस," ती म्हणाली. "मी येते."

मी थांबले. चहा गार झाला असणार. धुकं परत दाट झालं आणि पावलं वाजली, हलकी, भराभर. हाक मारायची होती. पण त्याआधीच मी सवयीने कडेला सरले होते आणि मान खाली घातली होती.